फियाटचे इंजिन, पाटे आणि मेस्त्री : अल्प खर्चातील मोटारदुरुस्तीचा एक इतिहास

प्रस्तावना

भारतातील मोटार उद्योगाच्या इतिहासात परवाने, भांडवल, परदेशी कंपन्यांशी झालेले करार आणि उत्पादनाचे आकडे यांना मध्यवर्ती स्थान मिळाले आहे. ते योग्यही आहे. परंतु अशा लेखनात गाडी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली की तिचा इतिहास संपतो. प्रत्यक्षात तिचे आयुष्य तेथून सुरू होते, आणि पुढे ते मेस्त्र्याच्या हाती असते.

कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी बाहेर पडू लागली. नावे व बाह्यरूप बदलत तीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' म्हणून सुमारे २००० पर्यंत तयार होत राहिली. मुंबईत टॅक्सी म्हणून ती २०२३ पर्यंत धावली. एका साध्या, लहान, मध्यमवर्गीय गाडीला एवढे दीर्घ आयुष्य कशामुळे लाभले, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. "गाडी लोखंडासारखी मजबूत होती" हे जुन्या मालकांकडून हमखास मिळणारे उत्तर. ते प्रेमाचे आहे, पुराव्याचे नाही. ही गाडी झिजत असे, आणि आजच्या मानाने लवकर झिजत असे. मात्र झिजलेला प्रत्येक भाग थोड्या पैशांत, हप्त्याहप्त्याने, गावातल्याच कार्यशाळेत पूर्ववत करता येई. तिचे दीर्घायुष्य टिकाऊपणापेक्षा या नूतनीकरणाच्या सोयीतून आले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते इंजिन आणि सस्पेन्शन या दोन अंगांच्या आधारे येथे मांडले आहे.

अडुसष्ट मिलिमीटर

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. त्यामागे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या १९३०च्या दशकातील योजनेपासूनचे प्रयत्न होते. त्यांचा तपशील सर्वपरिचित असल्याने येथे देत नाही. आरंभी क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ, डीसोटो या मोठ्या गाड्यांची जुळणी कुर्ल्यात झाली. १९५०च्या दशकारंभी इटलीच्या फियाट कंपनीशी संबंध जुळले आणि लहान गाडीचा मार्ग खुला झाला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने अहवाल दिला. देशात उत्पादन करण्याचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच यापुढे वाव द्यावा, असे धोरण त्यानंतर ठरले. शिवडी येथे १९२८ पासून जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्सने आणि फोर्डने आपला येथील व्यवहार आटोपता घेतला. मैदानात जे थोडे उरले, त्यांत कुर्ल्याची फियाट होती.

या गाडीच्या इंजिनाची जन्मकथा आणखी मागे जाते. १९३७ मध्ये फियाटने '५०८ सी' ही गाडी बाजारात आणली. अभियंता दान्ते जिआकोसा यांच्या आरंभीच्या कामांत तिची गणना होते. तिच्या चार सिलिंडरांचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर होती, म्हणजे एकूण क्षमता १०८९ घनसेंटिमीटर. बिडाचा ब्लॉक, त्यावर ॲल्युमिनियमचे हेड आणि हेडमध्ये वरून उघडणारे व्हॉल्व्ह अशी रचना होती. १९५३ मध्ये आलेल्या '११००-१०३' या गाडीची बॉडी पूर्णपणे नवी होती. स्वतंत्र चासी जाऊन बॉडी व चासी एकजीव झाली. इंजिनाची मापे मात्र तीच राहिली. हीच गाडी कुर्ल्यात आली. १९६०च्या दशकाच्या मध्यास 'डिलाइट', १९७२ नंतर 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी' अशी तिची नावे बदलत गेली, पण ६८ आणि ७५ हे आकडे पेट्रोल इंजिनात बदलले नाहीत. इटलीत '११०० डी' १९६६ मध्ये बंद झाली. भारतात तिचा साचा त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ चालला.

अर्थतज्ज्ञ याकडे तांत्रिक कुंठितावस्था म्हणून पाहतात, आणि कारखान्याच्या बाजूने पाहिले तर ते खरेच आहे. दुरुस्तीच्या बाजूने पाहिले तर याच गोष्टीचा वेगळा अर्थ लागतो. पन्नास वर्षे मापे न बदलल्यामुळे १९५८च्या गाडीचे काम शिकलेला मेस्त्री १९९५च्या गाडीवर निर्धास्तपणे हात घालू शकत होता. एका पिढीचा पिस्टन दुसऱ्या पिढीच्या ब्लॉकमध्ये बसत होता. भंगारात गेलेली गाडी चालत्या गाडीसाठी सुट्या भागांचे कोठार ठरत होती. स्वस्त दुरुस्तीचा पाया या स्थिरतेत होता.

टंचाई आणि जुन्या गाडीचे मोल

दुसरे कारण आर्थिक धोरणात सापडते. १९५६-५७च्या परकीय चलनाच्या पेचानंतर आयातीवर कडक बंधने आली. मोटारींचे वितरण व विक्री यांवर १९५९ पासून नियंत्रण आदेश लागू झाला. १९६९ मध्ये शासनाने गाड्यांच्या किमती वैधानिकरीत्या ठरवून दिल्या. त्याविरुद्ध प्रीमियर ऑटोमोबाइल्स सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९७१ मध्ये त्याचा निकाल लागला. किंमत नियंत्रित आणि उत्पादन मर्यादित, यातून नोंदणीनंतर कित्येक वर्षांची प्रतीक्षा उभी राहिली. अशा काळात चालत्या स्थितीतील जुनी फियाट नव्या गाडीच्या नियंत्रित किमतीच्या बरोबरीने, काही वेळा तिच्याहूनही महाग विकली जाई.

ज्या वस्तूची किंमत काळानुसार उतरत नाही, तिच्या दुरुस्तीवर केलेला खर्च वाया जात नाही, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी लागते. पश्चिम युरोपात किंवा अमेरिकेत दहा वर्षांच्या लहान गाडीचे इंजिन पूर्ण उतरवणे बहुधा आतबट्ट्याचा व्यवहार ठरे. मुंबई-पुण्यात तो शहाणपणाचा व्यवहार होता. गाडी ही मालकाची स्थावरासारखी मालमत्ता होती आणि मेस्त्री तिची डागडुजी करणारा गवंडी.

त्याच सुमारास देशात सुट्या भागांचा उद्योगही उभा राहत होता. मद्रासची इंडिया पिस्टन्स १९४९ मध्ये, बंगलोरची मायको १९५१ मध्ये आणि शॉकॲब्सॉर्बर बनवणारी गॅब्रिएल इंडिया १९६१ मध्ये सुरू झाली. या नामांकित मालाच्या खाली लहान कारखान्यांच्या मालाचा दुसरा थर होता आणि त्याच्याही खाली जुन्या मालाचा तिसरा. मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर, कुर्ल्याचा सीएसटी रस्ता व चोरबाजार, पुण्यात नाना पेठ व जुना बाजार या ठिकाणी हे तिन्ही थर शेजारीशेजारी नांदत. गिऱ्हाइकाच्या खिशाप्रमाणे मेस्त्री माल सुचवी. "कंपनीचा टाकू, लोकल टाकू की जुना टाकू?" हा प्रश्न महाराष्ट्रातील प्रत्येक फियाटमालकाने ऐकलेला असेल.

इंजिनचे काम

'मेस्त्री' हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे' या शब्दावरून आला. गवंडी, सुतार, लोहार यांच्याबरोबर तो मोटारीच्या कारागिरालाही सहज लागू झाला. औपचारिक शिक्षणाची सोय १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेमुळे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून झाली. एस.टी.च्या आगारांतून व कार्यशाळांतून उमेदवारी केलेली मुलेही या व्यवसायात आली. तरीही बहुसंख्य मेस्त्री हात काळे करतच शिकले. त्यांची परिभाषा पाहिली तर तिच्यात खर्चाच्या पायऱ्या आधीच बसवलेल्या दिसतात.

सर्वांत खालची पायरी 'हेड उतरवणे'. व्हॉल्व्हवरील काजळी काढायची, व्हॉल्व्ह व सीट घासून बसवायची, गॅसकेट बदलायचे. इंजिन गाडीतच राहते आणि काम एकदोन दिवसांत होते. दुसरी पायरी 'हाफ इंजिन'. यात पिस्टनच्या रिंगा व बिगएंडची बेअरिंगे नवी पडतात, परंतु सिलिंडर कापला जात नाही. तिसरी पायरी 'फुल इंजिन'. ब्लॉक मोकळा करून बोअरिंगच्या यंत्रावर चढवायचा, क्रँक ग्राइंडिंगला द्यायचा, पिस्टन मोठ्या मापाचे आणायचे आणि सगळे नव्याने बांधायचे. 'इंजिन बांधणे' हा शब्दप्रयोगही बोलका आहे, कारण घर बांधतात तसेच इंजिन बांधतात.

सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागला आणि दर आठवड्याला ऑइल भरावे लागले की मालकापुढे दुसरी पायरी की तिसरी, हा प्रश्न उभा राही. सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. वरच्या रिंगेच्या फेऱ्याजवळ तो सर्वाधिक झिजतो, खाली कमी. रिंग जेथवर पोचत नाही तेथे अगदी वर मूळ मापाची एक बारीक कड शिल्लक राहते. झीज थोडी असेल तर ही कड काढून, सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगचे बारीक ओरखडे उमटवून नव्या रिंगा टाकल्या की गाडी आणखी काही वर्षे निघते. झीज जास्त असेल तर नव्या रिंगा अंडाकृती सिलिंडरात नीट टेकत नाहीत आणि खर्च पाण्यात जातो. हा निर्णय मोजमापाचा आहे. कमी पैशांत काम करणारा चांगला मेस्त्री आणि नुसता स्वस्त मेस्त्री यांतील फरक याच क्षणी दिसे, कारण पहिला आधी बोअरचे माप घेई आणि दुसरा आधी रिंगा मागवी.

बोअरिंगचे माप 'दहा साईज', 'वीस साईज', 'तीस', 'चाळीस' असे सांगितले जाई. हे इंचाचे हजारांश भाग होत. गाडी इटालियन, मापे मिलिमीटरची आणि बोली इंग्रजी यंत्रांवर घडलेल्या कारागिरांची, असा हा संकर आहे. चाळीस साईज म्हणजे साधारण एक मिलिमीटर. तेवढे कापल्यावर ६८चा सिलिंडर ६९चा होतो आणि गणित केले तर इंजिनाची क्षमता १०८९ ऐवजी सुमारे ११२२ घनसेंटिमीटर भरते. नोंदणी पुस्तकात मात्र १०८९ हाच आकडा राहतो. जुन्या फियाटच्या बाबतीत कागद आणि धातू यांच्यातील ही तफावत नित्याची होती.

प्रत्येक साईजबरोबर ब्लॉकची भिंत पातळ होत जाते आणि चाळीसच्या पुढे जाणे सहसा धोक्याचे मानले जाई. अशा वेळी 'स्लीव्ह टाकणे' हा उपाय केला जाई. सिलिंडर आणखी कापून त्यात बिडाची नळी दाबून बसवायची आणि तिचे आतले माप पुन्हा ६८ मिलिमीटर करायचे. ब्लॉक पुन्हा 'स्टँडर्ड' झाला, म्हणजे पुढील तीनचार बोअरिंगसाठी मोकळा झाला. हे काम करणारी यंत्रे व हात केवळ मोटारींमुळे उभे राहिले नव्हते. पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या पाण्यासाठी लागणारी ऑइल इंजिने हा त्यांचा मोठा आधार होता. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणी ओतकाम, बोअरिंग आणि ग्राइंडिंग यांची जी परंपरा वाढली, तिचा लाभ मोटारमालकांनाही झाला असे मानण्यास जागा आहे. शेतीच्या पंपाचे सिलिंडर बसवणाऱ्याला फियाटचा सिलिंडर परका नव्हता.

स्लीव्हच्या लोकप्रियतेमागे कायद्याचाही एक धागा आहे. इंजिन क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो. भंगारबाजारातील दुसरे इंजिन बसवणे काही वेळा स्लीव्हपेक्षा स्वस्त पडे, परंतु त्याने क्रमांक बदले आणि नोंदणी पुस्तकात फेरफार करून घ्यावा लागे. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ अशा बदलांसंबंधी आहे, आणि त्याआधीच्या १९३९च्या कायद्यातही तशी तरतूद होती. परिवहन कार्यालयातील हेलपाटे टाळण्यासाठी मालक जुनाच ब्लॉक पुन्हा पुन्हा जिवंत करून घेत. कारखान्यात ओतलेले मूळ बीड कित्येक गाड्यांत आजही टिकून आहे, त्याचे श्रेय काही अंशी कार्यालयीन कटकटीला द्यावे लागेल.

पाटे, किंगपिन आणि पासिंग

इंजिन बिघडले की धूर, आवाज आणि खर्च यांतून ते स्वतःच सांगते. सस्पेन्शन हळूहळू खचते आणि चालवणाऱ्याला त्याची सवय होते. त्यामुळे कमी पैशांत गाडी नीट करू पाहणारा मालक बहुधा इंजिनावर आधी खर्च करतो. ही चूक आजही होते. सिलिंडर थोडा झिजलेला असला तर गाडी ऑइल पिते एवढेच. किंगपिन झिजला असेल तर चाक हलते, टायर एका बाजूने खाल्ला जातो आणि वळणावर गाडी हाताबाहेर जाऊ शकते.

फियाटच्या पुढील चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन होते. वरखाली दोन आडवे दांडे, मध्ये कॉइल स्प्रिंग आणि चाक वळवण्यासाठी उभा किंगपिन. मागे एकसंध ॲक्सल आणि त्याखाली पोलादी पाटे. त्या वेळची ॲम्बेसेडर पुढे टॉर्शन बारवर उभी होती. तिच्या तुलनेत फियाट शहरात वळवायला हलकी वाटे. या सर्व सांध्यांचे आयुष्य ग्रीसवर अवलंबून होते. निपलमधून वेळेवर ग्रीस भरले तर किंगपिन वर्षानुवर्षे चाले. न भरले तर पावसाळ्याचे चिखलपाणी बुशमध्ये शिरून दोनतीन वर्षांत खड्डे पडत. मुंबई-कोकणच्या हवेत हा धोका अधिक असे.

किंगपिनचा संच आणला तरी काम पूर्ण होत नसे. नवा बुश दाबून बसवल्यावर त्याचे छिद्र किंचित आवळते. त्यात रीमर फिरवून पिन हाताच्या जोराने, पण न हलता फिरेल असे माप आणावे लागते. तयार संच मिळाला नाही तर लेथवाला गनमेटलचा बुश कातून देई. हे माप यंत्रापेक्षा बोटांना अधिक कळते, असे मेस्त्री म्हणत.

पाट्यांचे काम तर थेट लोहारकीच्या परंपरेतले. ओझ्याने बसलेले पाटे सुटे करून, तापवून, ठोकून त्यांना पुन्हा बाक द्यायचा आणि मग पाणी चढवायचे. पाणी कमी चढले तर पाटा पुन्हा बसतो; जास्त चढले तर ठिसूळ होऊन पहिल्याच मोठ्या खड्ड्यात तुटतो. ज्यांना हे जमत नसे ते एक पाटा वाढवून देत. गाडी मागून उचलली जाई, ओझे पेले जाई, परंतु प्रवाशाची कंबर दुखे. पुढची कॉइल बसली तर तिच्याखाली पॅकिंग देऊन उंची साधली जाई. शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे मेस्त्र्यांच्या भाषेत 'शॉकअप', कापून, नवे सील व तेल घालून, पुन्हा वेल्डिंग करून विकले जात. स्वस्त दुरुस्तीचे हे सर्वच प्रकार स्तुत्य होते असे म्हणता येणार नाही. पॅकिंग आणि वाढीव पाटा यांनी दोष झाकला जाई, जात नसे. तेल भरलेला जुना शॉकअप काही महिन्यांत पुन्हा गळू लागे. कमी खर्चाचे नूतनीकरण आणि खर्चाची टाळाटाळ यांतील सीमारेषा पुसट होती, आणि तिच्या चुकीच्या बाजूला झालेल्या अपघातांची गणना कोणी ठेवलेली नाही.

टॅक्सीच्या बाबतीत ही टाळाटाळ काही प्रमाणात तरी रोखली गेली, ती 'पासिंग'मुळे. व्यावसायिक वाहनाला ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यामुळे टॅक्सीची दुरुस्ती दोन वेगवेगळ्या पंचांगांनुसार चाले. ब्रेक, किंगपिन, पाटे यांचे पंचांग परिवहन कार्यालयाचे. इंजिनाचे पंचांग ऑइलच्या डब्याचे. खासगी मालकाला पहिले पंचांग नव्हते. रोज दिवसरात्र दोन पाळ्यांत धावणारी टॅक्सी एखाद्या घरगुती फियाटपेक्षा सुकाणूच्या बाबतीत अधिक सुरक्षित असण्याची शक्यता होती, ही बाब सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

२०००च्या सुमारास मुंबईच्या प्रदूषणासंबंधी उच्च न्यायालयात चाललेल्या प्रकरणानंतर जुन्या टॅक्सी नैसर्गिक वायूवर आल्या. त्याने दोन्ही अंगांवर नवा भार टाकला. वायू कोरडा जळतो, त्यामुळे व्हॉल्व्हच्या सीटा लवकर बसू लागल्या. हेड उतरवण्याची पाळी वारंवार आली. डिकीत जड पोलादी टाकी आली आणि मागचे पाटे प्रवासी नसतानाही दबलेले राहू लागले. १९३७च्या मापांचे इंजिन एकविसाव्या शतकातील इंधनावर चालवण्याचे हे काम कोणत्याही संशोधन केंद्रात नव्हे, तर रस्त्याकडेच्या गॅरेजांत झाले.

एक खासगी वही

या विषयाचे दस्तऐवज अभिलेखागारात मिळत नाहीत. गॅरेजच्या पावत्या कच्च्या कागदावर असत आणि गाडी विकली की फेकल्या जात. म्हणून प्रस्तुत लेखकाच्या घरातील एका वहीचा येथे उल्लेख करणे अप्रस्तुत ठरू नये. आजोबांनी १९८१ मध्ये १९६९ सालची फियाट डिलाइट दुसऱ्या हाताने घेतली. माध्यमिक शिक्षकाच्या पगारात गाडी घेणे एक वेळ जमले. ती राखणे हा खरा प्रश्न होता. त्यांनी शंभर पानी वहीत प्रत्येक कामाची नोंद केली.

वहीतील क्रम लक्षणीय आहे. पहिल्या वर्षी ब्रेक आणि किंगपिन. दुसऱ्या वर्षी मागचे पाटे, तेही एका वेळी एकाच बाजूचे. दुसरी बाजू दिवाळीनंतर. इंजिनाला तिसऱ्या वर्षापर्यंत हात लावलेला नाही, फक्त दर आठवड्याला भरलेल्या ऑइलची नोंद आहे. १९८४ मध्ये 'हाफ इंजिन' केले. त्यापुढील नोंद चार महिन्यांनंतरची आहे: "रिंग मोडली. मेस्त्री म्हणतो माल खराब. दुसरे मेस्त्री म्हणाले वरची कड काढलीच नव्हती." ज्या गॅरेजात हे घडले त्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही, अशी चूक तेव्हा घरोघरच्या गाड्यांत घडत होती. मोडलेल्या रिंगेने सिलिंडरला चर पाडला. त्यामुळे १९८६ मध्ये, पैसे साठल्यावर, चारही स्लीव्ह टाकून इंजिन स्टँडर्ड मापावर आणावे लागले. त्या दिवशीच्या नोंदीखाली आजोबांनी लाल शाईत लिहिले आहे: "१००० किमीपर्यंत ४० च्या वर नेऊ नये. मुलांना सांगणे."

एका वहीवरून सर्वसाधारण विधान करता येत नाही, याची जाणीव आहे. तरीही तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. पाच वर्षांत या गाडीचे सुकाणू, पाटे आणि इंजिन जवळजवळ नवे झाले, आणि एकाही महिन्यात कर्ज काढावे लागले नाही. मोठे काम लहान कामांत फोडता येणे हा या यंत्राचा गुण होता. बहुतेक नव्या गाड्यांत एक बिघाड झाला तर संपूर्ण भागच बदलावा लागतो आणि त्याचे पैसे एकदम मोजावे लागतात.

'मूळ स्वरूप' कशाला म्हणावे?

मुंबईत टॅक्सीच्या वयावर २००८ मध्ये २५ वर्षांची आणि २०१३ मध्ये २० वर्षांची मर्यादा आली. ताडदेव येथे २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी त्या नियमाने ३० ऑक्टोबर २०२३ पासून बाद झाली. गाडी चालण्यास योग्य आहे की नाही, हा प्रश्न या नियमात गौण होता; केवळ वय निर्णायक ठरले. खासगी गाड्यांच्या बाबतीत १५ वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. स्वस्तात गाडी राखणाऱ्या मालकाच्या हिशेबात हा आकडा लहान नाही. तेवढ्यात एकेकाळी बरेचसे काम होत असे.

दुसऱ्या बाजूला जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. 'व्हीए' अक्षरांची क्रमांकमालिका, नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये आणि नूतनीकरणासाठी ५,००० रुपये शुल्क अशी व्यवस्था झाली. १९७४च्या पहिल्या पद्मिनी २०२४ मध्ये या वयात आल्या, म्हणून हा विषय आता वालचंदांच्या काळातील डॉज-प्लिमथपुरता उरलेला नाही. वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे, आणि चासी, बॉडी वा इंजिन यांतील बदलांसह त्याचे कोणतेही मोठे ओव्हरहॉल झालेले नसावे, अशी या नियमातील व्याख्या आहे.

ही भाषा संस्थानिकांच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या मोटारींना शोभते. चार दशके रोज चाललेल्या फियाटला ती कशी लावावी? चाळीस साईजपर्यंत बोअर झालेले इंजिन ११२२ घनसेंटिमीटरचे आहे. ते मूळ स्वरूपात नाही असे म्हणता येईल. त्याच ब्लॉकमध्ये स्लीव्ह टाकल्या तर क्षमता पुन्हा १०८९ होते, क्रमांकही तोच राहतो. मात्र सिलिंडरची भिंत इटालियन आराखड्याची नसून उद्यमनगरातील नळीची असते. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेल्या गाडीला बदललेली म्हणणे रास्त आहे. लोहाराने पुन्हा बाक दिलेल्या पाट्यांना, कातलेल्या गनमेटल बुशला तोच निकष लावला तर निकषात बसणाऱ्या फियाट फक्त त्या उरतील ज्या फारशा चालल्याच नाहीत. म्हणजे ज्या गाडीने आपल्या समाजाची सेवा केली ती अपात्र, आणि जी उभी राहिली ती पात्र. वारसा जतन करण्याचा हा मार्ग इतिहासाच्या विद्यार्थ्याला मान्य होणे कठीण आहे. बिघडलेला भाग त्याच मापावर, त्याच तत्त्वावर पुन्हा उभा करणे हे बदल नसून जतन आहे, असे स्पष्टीकरण नियमात यावयास हवे. पात्रता ठरवताना दुरुस्तीच्या वह्या व पावत्या पुरावा म्हणून स्वीकारल्या गेल्या, तर निदान त्या फेकल्या जाणार नाहीत.

यात घाई आहे, कारण साक्षीदार कमी होत आहेत. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ पर्यंत २० टक्क्यांवर नेले गेले आणि जुन्या पेट्रोल पंपाचे रबरी पडदे, कार्ब्युरेटरच्या नळ्या नव्या द्रव्याच्या बदलण्याची गरज निर्माण झाली. ही माहिती आज मेस्त्र्यांच्या आपसातील बोलण्यातून पसरते आहे, लिखित स्वरूपात क्वचितच. रीमरचे माप बोटांनी ओळखणारे कारागीर साठी-सत्तरीत आहेत. त्यांची मुले संगणकाला जोडून बिघाड शोधणाऱ्या कार्यशाळांत काम करतात, आणि ते स्वाभाविक आहे. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मौखिक इतिहासाच्या प्रकल्पांत स्वातंत्र्यसैनिक व गिरणी कामगार यांच्या मुलाखती घेतल्या. त्याच पद्धतीने आपापल्या गावातील चारदोन गॅरेजांत जाणे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज शक्य आहे. प्रश्नावलीची सुरुवात "तुम्ही पहिले इंजिन कधी बांधले?" या प्रश्नाने करावी.

घरची डिलाइट २००४ पासून शेडमध्ये उभी आहे. गेल्या वर्षी एका वृद्ध मेस्त्र्यांनी तिचे हेड उतरवून सिलिंडरचे माप घेतले. १९८६च्या स्लीव्ह अजून दहा साईजही झिजलेल्या नाहीत. रिंगा टाकल्या तर इंजिन चालेल, असे त्यांनी सांगितले. आधी मात्र मागचे पाटे उतरवा, असे ते म्हणाले. काम त्याच क्रमाने सुरू केले आहे. सध्या डाव्या बाजूचे पाटे लोहाराकडे आहेत.